तिसरा दिवा

घरात माणसं दोन. दोघांनाही दिसत नाही. आणि टेबलावर एक मशीन लाल, हिरवं, जांभळं होत लग्नाच्या मांडवासारखं झगमगतंय. हा कुणाचा विनोद असेल तर त्याने समोर येऊन सांगावा, एक कानाखाली द्यायची आहे.

अर्थात ऑपरेटरला त्या झगमगाटाचा पत्ताच नव्हता. सकाळी त्याने घरच्या सर्व्हरचा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी बदलली होती. वायरी बोटांनी चाचपून जागच्या जागी लावल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पुढे काही नाही. आता दुपार झाली होती, पंखा फिरतच होता आणि मशीन काही उठत नव्हतं. झोपलेल्याला उठवता येतं. हे झोपेचं सोंग घेतलेलं प्रकरण होतं.

ऑपरेटर हे त्याचं काम. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तो बसायचा. 'हॅलो' म्हणायच्या आत, नुसत्या श्वासावरून कुठल्या वॉर्डाचा फोन आहे ते ओळखायचा. तिथे सगळे त्याला ऑपरेटर म्हणायचे, मग गल्लीतही तेच झालं. बायकोला तो 'वकीलसाहेब' म्हणायचा. ती अजून वकील झालेली नव्हती. तिचा शेवटचा पेपर उद्या होता, पुराव्याच्या कायद्याचा. याच पेपरात ती आधी दोनदा आपटली होती आणि नियमाप्रमाणे ही तिसरी खेप शेवटची. उद्या गेला तर इतक्या वर्षांचं शिक्षण बासनात गुंडाळून ठेवायचं.

आणि तिचा सगळा अभ्यास त्या डब्यात होता.

डबा म्हणजे बुटांच्या दोन खोक्यांएवढी काळी पेटी. कायद्याची पुस्तकं आंधळ्यांसाठी कोण छापतं? कोणी नाही. ज्यांनी छापायची ते म्हणाले, मागणी कमी आहे. मग माणसं मिळाली. एक नर्स ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसून दबक्या आवाजात कलमं वाचायची, त्यामुळे अख्खा करार कायदा कुणाच्या तरी चुगल्या केल्यासारखा ऐकू यायचा. एक बसड्रायव्हर होता, तो प्रत्येक कलमाचा आकडा पुढचा स्टॉप सांगितल्यासारखा ठणकावून सांगायचा. एक निवृत्त मास्तर प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून श्वास घ्यायचे आणि पूर्णविरामाला खोकायचे. ही माणसं आपल्या मोबाईलवर वाचून पाठवायची, ऑपरेटर ते साफ करून सर्व्हरवर लावून ठेवायचा, आणि वकीलसाहेब ऐकता ऐकता मध्येमध्ये आपल्या आवाजात खुणा करायची: "हे महत्त्वाचं", "हे गेल्या वेळी चुकलं होतं", "इथे मास्तर दमले, परत ऐक".

ऑपरेटरला आभार मानण्याचा मनस्वी राग होता. दिवसभर तेच तर करायचं. रस्ता ओलांडायचा नसतो, तरी कुणीतरी दंड पकडून पलीकडे नेऊन सोडतं, त्याला थँक यू. हॉटेलात वेटर बायकोला सोडून त्याला विचारतो, "मॅडम काय घेणार?", त्यालाही थँक यू. जन्मभर खिशात सुटे ठेवावे तसे आभार ठेवायचे आणि भेटेल त्याच्या हातावर टेकवायचे. पण त्या नर्सचे, त्या ड्रायव्हरचे, त्या मास्तरांचे आभार मानताना त्याला कधी दात आवळावे लागले नाहीत. ती माणसं काही विचारत नव्हती, हळहळत नव्हती. वाचत होती.

तर अशा सगळ्यांचा आवाज त्या पेटीत कोंडून पडला होता, आणि तो कोंडला होता ऑपरेटरने.

"झालं का?" आतल्या खोलीतून वकीलसाहेबांचा आवाज.

"होतंय."

"मघाशीही होतच होतं."

"अगं, अशा कामाला वेळ लागतो."

"सकाळी तर म्हणालास, तुझा चहा संपायच्या आत उठवतो. चहाचं भांडंसुद्धा घासून झालं."

जुनं मशीन गेले काही दिवस अडखळत होतं, हे खरं. मास्तरांच्या वाक्याच्या मध्येच बंद पडायचं, हेही खरं. पण पेपरच्या आदल्या दिवशी मशीन उघडून बसायला कुणी सांगितलं नव्हतं. उलट, नको म्हणून सांगितलं होतं. नवे भाग आणून ठेवलेले होते आणि ऑपरेटरचे हात शिवशिवत होते, एवढंच कारण. ज्याला अशी खाज आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही आणि ज्याला नाही त्याला समजत नाही.

परतीची वाटही बंद होती. जुना प्रोसेसर काढताना तो पंख्याच्या धातूला चिकटून उपटूनच आला आणि खालचे केसासारखे पाय वाकले. नखाने चाचपल्यावर त्याला ते कळलं. पण तो म्हणाला, नव्यावर तर जायचंच आहे. दुसरा कॉम्प्युटर घरात नव्हता. दुकानाला आज सुट्टी.

त्याने जमेल ते सगळं केलं. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, एकच लावली, मग दुसरी लावली, जागा बदलल्या. वीजपुरवठ्याच्या डब्याला कान लावला. करपल्याचा वास येतो का म्हणून बोर्डावर नाक फिरवलं. टीव्ही हे त्यांच्या घरात ऐकायचं यंत्र. त्याची वायर मशीनला जोडली आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोबाईलमधलं ॲप समोर धरलं. ॲप म्हणालं, "सिग्नल नाही." मोठीच बातमी दिलीस बाबा.

खरी मेख वेगळीच होती. जुन्या बोर्डाला शेंगदाण्याएवढा एक बझर होता. मशीन अडलं की तो ओरडायचा. लांब ओरडला, तोकडा ओरडला, किती वेळा ओरडला, यावरून नेमकं कुठे दुखतंय ते समजायचं. ऑपरेटरने अशी कितीतरी मशीनं नुसत्या कानाने बरी केली होती. नव्या बोर्डावर तो बझर बसवायला गेला तर त्याला जागाच नाही. मोबाईलवर बोर्डाची माहितीपुस्तिका बोलती केली, तर ती म्हणाली: आवाजाऐवजी आता चार दिवे दिले आहेत. कुठला पेटून राहिला ते बघावं.

बघावं!

कुठल्या तरी ऑफिसात, गुबगुबीत खुर्चीवर बसून कुणीतरी हे ठरवलं असणार. आवाज कशाला, दिवे लावा. त्याच्या डोक्यात एकदा, एकदासुद्धा आलं नसेल की हे मशीन कानांवर चालवणारी माणसंही या जगात आहेत. वाईटपणा नव्हता त्यात. वाईटपणा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. आपण कुणाच्या ध्यानातच नाही, याच्याशी कसं भांडायचं?

त्याने मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बायकोचा धाकटा भाऊ, कामानिमित्त दुसऱ्या शहरात राहायचा.

"अरे, जरा बघून सांग. बोर्डावर कुठला दिवा पेटलाय?"

"जिजाजी, काय भारी दिसतंय! डिस्कोच आहे की!"

"दिवा, दिवा. कुठला?"

"सगळेच पेटलेत. पॉवर ओके आहे. मोबाईल हलवू नका हो... हां, सगळं व्यवस्थित दिसतंय. मला वाटतं मेमरी नीट बसली नसेल."

"तुला वाटतं ते नको रे. दिसतं ते सांग."

"दिसतंय ते सगळं मस्तच आहे."

ऑपरेटरने फोन ठेवला. पोरगं गुणी होतं, हाकेला धावणारं होतं, पण डोळस माणसांची हीच तऱ्हा. बघतात पाव आणि सांगतात सव्वा.

"आईला बोलाव," आतून आवाज आला.

ऑपरेटर टीव्हीची वायर पुन्हा काढून बसवायला लागला.

"ऐकू आलं का? आईला बोलाव. मागच्याच गल्लीत आहे."

"बघू."

"बघू काय? मेमरी बदलशील, वायर बदलशील, सगळं करशील, पण माझ्या आईला हाक मारणार नाहीस."

हे मात्र खरं होतं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या होत्या, "दोघांच्यात मिळून एक तरी डोळा नको का?" बोलल्या त्या काळजीने, टोचलं ते टोचलंच. तेव्हापासून ऑपरेटरने मनाशी गाठ मारली: या बाईला आपल्या घरात काहीही बघायला सांगायचं नाही. त्या यायच्या, बसायच्या, मायेने डबा द्यायच्या. तो अदबीने बोलायचा. पण 'आई, जरा बघता का' हे चार शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

आज निघाले. फोनवर, घसा खाकरून.

सासूबाई आल्या त्या हातातलं काम टाकून. शाळांचे गणवेश शिवणं हा त्यांचा धंदा. गळ्यात टेप, कॉलरला टाचण्या, अंगाला नव्या कापडाचा खळीचा वास. दारातूनच ओरडल्या, "अगंबाई! किती सुंदर!"

"काय सुंदर?" ऑपरेटर म्हणाला.

"अहो, हे तुमचं मशीन! रंग काय सुरेख सरकतायत एकात एक. अंजिरी, मग मोरपंखी... तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"नाही हो. आम्हाला कोण सांगणार?"

आपण काय बोललो हे त्यांना कळलं असावं. मग कामाचं म्हणून म्हणाल्या, "बरं, काय बघू?"

"बोर्डावर छोटे दिवे असतील. पेटलेला कुठला ते सांगा."

"हेच की! सगळे पेटलेत. छान चाललंय मशीन."

"छान नका हो म्हणू!" ऑपरेटरचा आवाज चढला. "छान असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?"

पंख्याची घरघर तेवढी. आणि मग आतल्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. वकीलसाहेब दारात येऊन उभी राहिली.

"तू थांब," ती नवऱ्याला म्हणाली. "साक्षीदारावर ओरडायचं नसतं. आई, स्टूल घे. बस."

"मी कसली साक्षीदार?"

"आत्तापुरती आहेस. उद्याच्या पेपरात हेच आहे मला. साक्षीदाराने डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच सांगायचं. त्यावरून त्याला काय वाटलं, ते कोर्टाला नको. 'छान चाललंय' हे तुझं मत झालं. मत नको, पाहिलंस ते दे."

"बाई गं! घरच्या घरी कोर्ट!"

"सर्वांत जास्त उजेड कुठून येतोय?"

"त्या दोन उभ्या पट्ट्यांमधून. रंगीत."

"त्या मेमरीच्या," ऑपरेटर म्हणाला. "त्यांचा काही उपयोग नाही."

"मग त्या झाकून टाक," वकीलसाहेब आईला म्हणाली. "फडकं आहे का जवळ?"

सासूबाईंच्या खांद्यावर गणवेशाच्या कापडाची चिंधी होती. त्यांनी ती पट्ट्यांवर अलगद धरली. "झाकलं."

"आता काय दिसतं? घाई नको."

"आता काळोखच आहे सगळा. काळा बोर्ड. बारीक बारीक डबे चिकटवलेत त्याला... थांब. अगं, कडेला चार ठिपके आहेत. टाचणीच्या डोक्याएवढे. मघाशी नव्हते हे."

"मघाशीही होते. तुला दिसले नाहीत. पेटलेत?"

"एक पेटलाय. पांढरा. तीन विझलेत."

वकीलसाहेब सावकाश म्हणाली, "कितवा?"

"वरून मोजू का खालून?"

हा प्रश्न ऐकून ऑपरेटरला त्या क्षणी त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं. सकाळपासून जगात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, कुठून मोजू.

"वरून, आई. वरून मोजा."

"मग तिसरा."

त्याने मोबाईलवर पुस्तिका पुन्हा बोलती केली. वरून पहिला दिवा प्रोसेसरचा. दुसरा मेमरीचा. तिसरा ग्राफिक्सचा, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाचा. चौथा डिस्कचा.

ऑपरेटर हसायला लागला. हसता हसता एक अशी शिवी त्याच्या तोंडून गेली की सासूबाईंनी कानावर हात ठेवले.

"काय झालं ते तरी सांगशील?" वकीलसाहेब म्हणाली.

"अगं, दुकानदाराने विचारलं होतं मला. एका प्रोसेसरमध्ये चित्र काढायची सोय आतच असते, दुसऱ्यात नसते, कुठला देऊ? मी ऐटीत म्हटलं, चित्र नको आम्हाला, आमच्या घरी बघणारं कुणी नाही. त्यापेक्षा ताकदवान दे. त्याने दिला. आणि हा बोर्ड म्हणतोय, चित्र दाखवायची सोय नसेल तर मी उठणारच नाही!"

"पण आपल्याला चित्र नकोच आहे ना?"

"आपल्याला नको. त्याला हवंय. कुणी बघो न बघो, आधी त्याची आरशाची सोय करा, मग तो कामाला लागणार."

अशी चूक डोळस माणसाच्या हातून सात जन्मांत झाली नसती. त्याला पडदा लागतोच, त्यामुळे चित्राची सोय तो न विचारता घेतो. ही चूक करायला या घरातलाच माणूस हवा होता.

आता एक ग्राफिक्स कार्ड हवं होतं. कुठलंही, कितीही जुनं. वकीलसाहेबांनी भावाला परत फोन लावला.

"आईकडे माळ्यावर माझा जुना कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला. "मदरबोर्ड जळालाय त्याचा. आत कार्ड आहे, पण जिवंत आहे का मेलंय, देवाला ठाऊक."

सासूबाई निघाल्यासुद्धा. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. त्यांनी स्पीकर चालू ठेवला होता. ऑपरेटर कानाने त्यांच्या मागे मागे होता: शिडी ओढल्याचा आवाज, पत्र्याची पेटी सरकली, एक शिंक, आणखी एक शिंक, मग बारा वर्षांच्या लेकाला द्याव्यात तशा बत्तीस वर्षांच्या लेकाला शिव्या: "मेल्याने काय काय भरून ठेवलंय माळ्यावर!"

"स्क्रू काढले हो जावईबापू. झाकण निघालं. कार्ड दिसतंय. पण ओढलं तर येत नाही."

"ओढू नका! खालच्या बाजूला, आतल्या टोकाला, एक खटका असेल. तो दाबून धरायचा, मग कार्ड वर येतं."

"कुठे? काही दिसत नाही. मध्ये कार्डच आडवं येतंय. बॅटरी मारून बघते... नाही हो."

"दिसणारच नाही तो. बघू नका. आई, शिलाई मशीनची बॉबिन बसवताना तुम्ही वाकून बघता का?"

"छे! ती खालून असते. हातानेच बसते ती, सवयीने."

"मग डोळे मिटा. कार्डाच्या पोटाखालून बोट सरकवा. बॉबिनच्या पेटीला असते तशी एक जीभ लागेल."

कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून बसलेली बाई ऑपरेटरला स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे तिचा श्वास.

"लागली! अय्या, लागली. मऊ आहे. दाबू?"

"दाबा. आता दुसऱ्या हाताने सरळ वर उचला. हळू."

टक् झालं. सासूबाई एवढ्या मोठ्याने "आलं!" म्हणून ओरडल्या की वकीलसाहेब आतून धावत आली.

कार्ड आलं ते गणवेशाच्या निळ्या कापडात गुंडाळून. ऑपरेटरने त्याच्या सोनेरी दातांवरून रबर घासलं, फुंकर मारली, स्लॉटमध्ये बसवलं, जास्तीची वीज देणारी वायर जोडली. सासूबाईंनी न सांगता मेमरीवर चिंधी धरली आणि स्टुलावर बसल्या.

बटण दाबलं. दोन पंखे फिरले.

"पहिला पेटला," सासूबाई म्हणाल्या. "विझला. दुसरा पेटला. पेटलेलाच आहे... पेटलेलाच... विझला. तिसरा."

दोन्ही पंखे फिरत राहिले.

"तिसरा आहे अजून."

वकीलसाहेबांचा हात ऑपरेटरच्या खांद्यावर आला.

"विझला. विझला हो! आता चौथा. तोही विझला. आता एकही नाही."

"नक्की?" वकीलसाहेब म्हणाली.

"शपथेवर सांगते बाई."

पण लगेच नाचायचं नव्हतं. मोबाईलवरून सर्व्हर शोधला, तर मोबाईल म्हणे, असा सर्व्हर सापडत नाही. वकीलसाहेबांचा खांद्यावरचा हात निघून गेला. ऑपरेटरने टीव्हीची वायर आता कार्डाला लावली आणि ॲप पडद्यासमोर धरलं. ॲपने वाचलं: सर्व्हरचं नाव, आणि खाली 'लॉगिन करा'. म्हणजे गडी जागा होता! नुसता जागा नव्हता, दारात उभा राहून 'कोण आहे' विचारत होता. अडलं होतं एवढंच, की नव्या बोर्डावर नेटवर्कच्या सॉकेटला वेगळंच नाव मिळालं होतं आणि सर्व्हर जुन्या नावाने हाका मारत बसला होता. हे दुखणं ऑपरेटरच्या घरचं. कीबोर्ड मांडीवर घेऊन त्याने जुनं नाव खोडलं, नवं घातलं, एकेक ओळ ॲपकडून वाचून घेतली आणि एन्टर मारलं.

आतल्या खोलीतून बसड्रायव्हरचा आवाज आला. कलमाचा आकडा, आणि त्यामागून धाडधाड सगळं कलम.

सासूबाई दचकून उठल्या. "काय झालं? कोण भांडतंय?"

"भांडत नाही कुणी. वाचतोय तो. ती तिप्पट वेगाने ऐकते."

"हे? हे तिला कळतं?"

"सगळं."

सासूबाई दारापर्यंत गेल्या. आत लेक पाय पोटाशी घेऊन कॉटवर बसली होती, ओठ हलत होते, आणि तो शब्दांचा पाऊस तिच्या कानात बिनबोभाट मुरत होता. मध्येच तिने थांबवलं, स्वतःशी काहीतरी पुटपुटली, पुढे गेली. सासूबाईंना एक अक्षर कळलं नाही. तरी त्या तिथेच, चौकटीला टेकून, बराच वेळ उभ्या राहिल्या. लेक अभ्यास करते हे त्यांना माहीत होतं. अभ्यास असा असतो हे माहीत नव्हतं.

परत आल्या तेव्हा ऑपरेटर उरलेले स्क्रू डबीत भरत होता. आता आभार मानायची वेळ आली होती. जिभेवर ते तयारच होते, घासूनपुसून गुळगुळीत झालेले. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आभार मानले की व्यवहार संपतो. तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला, नमस्कार. रस्त्यावरच्या दंड पकडणाऱ्याला तो आभार देतो ते त्याने दंड सोडावा म्हणून. या बाईला असं पिटाळायची त्याला इच्छाच होईना.

"आई," तो म्हणाला, "आणखी एक बघता का?"

"काय हो?"

"माझं कपाट. हॉस्पिटलात मी गेलो की दोन पोरी फिसफिस हसतात. कानाला कळतं मला. कपड्यांचंच काहीतरी असणार. हिला विचारून उपयोग नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारवत नाही."

सासूबाईंनी कपाट उघडलं. हँगर एकेक करून सरकले.

"पाहिलेलं सांगू की मत देऊ?"

"आधी पाहिलेलं."

"हा शर्ट केशरी. ही पँट हिरवी. तुम्ही हे दोन्ही एका हँगरला अडकवलंय."

"आणि मत?"

"मत नका विचारू हो जावईबापू. पोरी गुणाच्या आहेत म्हणून नुसत्या फिसफिसतात."

ऑपरेटर इतका हसला की आतून ओरडा आला, "अभ्यास चाललाय इथे!" मग दोघं दबक्या आवाजात हसली. सासूबाईंनी पिशवीतून सुईदोरा काढला, जमिनीवर बैठक मारली आणि एकेका शर्टाच्या कॉलरला आतून गाठी घालायला लागल्या. निळ्याला एक, पांढऱ्याला दोन, आणि केशरीला काही नाही, कारण तो त्या पुसायला घेऊन जाणार होत्या. ऑपरेटर शेजारी बसून गाठी बोटाखाली घेऊन बघत होता. गणवेशांचं काम घरी तसंच पडलं होतं, दोघांपैकी कुणी त्याचं नाव काढलं नाही.

आत ड्रायव्हरनंतर नर्स आली, नर्सनंतर मास्तर. तिप्पट वेगात मास्तरांचा खोकला चिमणीसारखा ऐकू येत होता. ऊन खिडकीतून निघून गेलं असावं, कारण सासूबाई म्हणाल्या, "दिवा लावते हं, मला लागतो." आणि लावला. शेवटच्या शर्टाची शेवटची गाठ आवळेपर्यंत आतला आवाज चालू होता. मग तो थांबला. कॉट करकरली. वकीलसाहेब दारात आली, दोन्ही हातांनी डोक्यामागे केस बांधत.

"झाले सगळे भाग," ती म्हणाली. "चला, दोघंही विचारा आता. कुठूनही विचारा."